गिधाडकड्यावरची हाक

परभणी जिल्ह्यात डोंगर आहे म्हटलं की बाहेरची माणसं हसतात. हसू देत बापडी. आमच्या पूर्णेच्या माणसांना तरी कुठं खरं वाटतं? दुरून डोंगर साजरे म्हणायचं तर निदान दुरून तो दिसावा तरी लागतो. पूर्णेत गच्चीवर चढून चारी दिशांना पाहिलं तर काळं रान, उसाचे फड, विजेचे खांब आणि रेल्वेचं जंक्शन, संपलं. नर्मदाबाई पालमजवळच्या एका खेड्यात जन्मल्या, लग्न होऊन पूर्णेत आल्या आणि सगळ्या आयुष्यात त्या उंच म्हणून चढल्या त्या स्टेशनावरच्या पुलावर. तिथंही मधोमध चालायच्या आणि कठड्याकडे बघायच्या नाहीत.

बाकी बाई भित्री मुळीच नाही. तोंडाची तर अशी तिखट, की भाजीवाला त्यांना येताना पाहूनच भाव उतरवायचा. गल्लीतल्या भांडणात नर्मदाबाई कोणाच्या बाजूला उभ्या आहेत यावर निकाल लागायचा. पण एका शब्दापुढे या बाईची बोलती बंद व्हायची, आणि तो शब्द म्हणजे नवऱ्याचं नाव.

मतदार यादीवाला दारात आला, नाव विचारलं, तर नर्मदाबाईंनी त्याला शेजारच्या घरी पाठवलं. "तिथं इचारा, ते सांगतेत." दवाखान्यात विचारलं तर बाजूला बसलेल्या अनोळखी बाईला कोपर मारून म्हणाल्या, "सांगा की जरा." त्या बिचारीला काय माहीत! मुलगी भक्ती शाळेत जायला लागली तेव्हा बाईंनी मोकळा श्वास सोडला, कारण आता घरात नाव सांगणारं हक्काचं माणूस तयार झालं होतं.

नाव बन्सीधर. मी बिनधास्त घेतो, मला कसला धोका! पण बायकोनं मोकळं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे नर्मदाबाईंनी नुसतं ऐकलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. थोरल्या जाऊबाई सुलाबाई एकदा रागाच्या भरात अंगणात उभ्या राहून नवऱ्याला नावानं ओरडल्या. त्याच पावसाळ्यात थोरल्या दिरांना शेतात पान लागलं. साप कोणी पाहिला नाही, पण माणूस गेला. सुलाबाई पुढं कितीतरी वर्षं पदराचा बोळा तोंडात धरून बसायच्या. तेव्हा नर्मदाबाई नव्या नवरी होत्या. त्या दिवशी त्यांच्या जिभेला जे कुलूप लागलं ते लागलंच.

उखाण्यातलं नाव चालतं. ते गोडीगुलाबीत गुंडाळलेलं असतं, देव त्याचा राग धरत नाही. लग्नात दार अडवल्यावर त्यांनी घेतलं होतं: "पूर्णेच्या पुलावरून गाडी जाते दूर, बन्सीधररावांच्या नावाला सनईचा सूर." तेवढंच. एरवी सगळा संसार "आवो" या एका हाकेवर चालला. घरात ते नाव मोकळं घ्यायचा मान एकट्या सासूबाईंचा. तिन्हीसांजेला त्या दारात उभ्या राहायच्या आणि शेवट वर उचलून "बन्सीऽऽ" असा हेल काढायच्या, तो रुळांच्या पलीकडं ऐकू जायचा. आता त्या जाऊनही बरीच वर्षं झाली.

बन्सीधरराव रेल्वेत. आधी गँगमन, मग चावीवाला. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेनं निघायचं, रूळ आवळून धरणारी चावी ढिली दिसली की ठोकायची, आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. माणूस अबोल. रुळांवर हातोडा मारून आणि गाड्यांचा धडधडाट झेलून कानही जरा मंद झालेले. पण शिट्टी मात्र त्यांना झोपेतही ऐकू यायची. गँग कामाला वाकलेली असते तेव्हा एक माणूस पहाऱ्याला असतो. गाडी येताना दिसली की तो शिट्टी मारतो. शिट्टी वाजली की कुठून आली, कोणत्या लाइनीवर आली, हे बघत बसायचं नाही; आधी मागं सरायचं. बघत बसलेला एक सोबती त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. तेव्हापासून शिट्टी कानावर आली की डोक्याला कळायच्या आत त्यांचे पाय मागं जायचे.

निवृत्त झाल्यावर ही सवय घरात आली. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या दारातले बन्सीधरराव दोन पावलं मागं. एकदा त्या नादात मांडणीवरची बरणी पाडली. भक्ती पोट धरून हसायची आणि नर्मदाबाई मुद्दाम म्हणायच्या, "सरका आवो, गाडी आली वरणाची!"

भक्ती परभणीला शाळेत शिकवते. सुट्टीला आली की तिला दिसायचं, बाप खुर्चीत आणि नजर भिंतीवर. जन्मभर चाललेला माणूस बसून बसून वाळत चालला होता. एका रविवारी तिनं जाहीरच केलं. परभणीचा हरिओम म्हणून एक तालीमबाज तरुण होता, तो दर महिन्याला लोकांना डोंगर चढायला न्यायचा. या वेळी जिंतूरच्या पलीकडं गिधाडकडा. सकाळी जायचं, संध्याकाळी परत.

"डोंगरावर काय ठेवलंय?" नर्मदाबाई म्हणाल्या. "आपल्या इथं काय कमी हाय?"

"आपल्या इथं डोंगरच कमी हाय," भक्ती म्हणाली. "बाबा निस्ते भिंतीकडं बघायलेत, आई. चल तू. तू आलीस तं ते येतेत."

नवऱ्यासाठी म्हणून बाई तयार झाल्या. रात्रीच धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी कुटली, साडीवर लेकीचे बूट चढवले आणि आरशात पाहून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

पायथ्याशी गाडीतून उतरल्यावर त्यांनी मान वर केली आणि तोंडचं पाणीच पळालं. डोंगर म्हणजे त्यांच्या मनात एक मोठं ढेकूळ होतं. हे भलतंच निघालं. खाली सागाची आणि सीताफळाची झाडी, वर वाळलेलं पिवळं गवत, त्याच्यावर काळा कातळ, आणि कातळाच्या माथ्यावर गिधाडाच्या चोचीसारखी पुढं आलेली शिळा.

"त्या चोचीवर जायचंय का?" त्यांनी विचारलं.

"चोचीच्या मागं पठार हाय, काकू," हरिओम म्हणाला. गळ्यात त्याच्या लाल दोरीला शिट्टी होती. कोणी मागं राहू नये म्हणून तो ती अधूनमधून वाजवायचा. चढावर ती वाजली की बन्सीधरराव झाडीकडे दोन पावलं सरकायचे, आणि भक्ती हसायची. नर्मदाबाईसुद्धा हसल्या. हसल्या हे खरं आहे, आणि नंतर त्या हसण्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

झाडी संपली तिथं धार लागली. दोन डोंगरांना जोडणारी दगडाची एक पट्टी, चार माणसं शेजारी उभी राहिली तर पाचव्याला जागा नाही, आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही. खरंच काहीच नाही! डावीकडे झाडांचे शेंडे पायाखाली दिसत होते. नर्मदाबाईंनी आजवर झाडाचा शेंडा वरून पाहिलेला नव्हता. वारा पदर ओढत होता. त्या मटकन खाली बसल्या.

बन्सीधरराव मात्र हात मागं बांधून सरळ चालत निघाले. चालता चालता मागं वळून म्हणाले, "आगं, ही तं आपल्या लाइनीएवढी रुंद हाय. ऊठ की."

"तुमच्या लाइनीच्या दोन्ही अंगाला जिमीन व्हती!" बाई ओरडल्या. आणि लेकीचा हात धरून, बसून बसून, साडी मळवत त्यांनी ती धार सरपटत पार केली. पुढं कातळात खोदलेल्या पायऱ्या होत्या, एका बाजूला लोखंडी गज. त्या चढताना त्यांनी इतके देव आठवले की काही देवांची आठवण त्यांनाही नवीन होती.

पण माथा! माथ्यावर आल्यावर मात्र नर्मदाबाई सगळं विसरल्या. एवढं मोठं आभाळ त्यांनी पाहिलं नव्हतं. खाली तुरीची कापलेली आणि ज्वारीची हिरवी रानं गोधडीच्या ठिगळांसारखी जोडलेली, आणि त्यांच्या पलीकडं लांबवर पसरलेलं पाणी.

"ते बग, येलदरी धरनाचं पानी," बन्सीधरराव म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा झाला होता. "आपली पूर्णा हितूनच येती. आपल्या पुलाखालून जाती ती हीच."

घरामागची नदी इतक्या लांबून येते, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. माथ्यावर वाघोबाचा शेंदूर फासलेला एक दगड होता, त्याच्यापाशी त्या टेकल्या, वाऱ्यानं कान बधिर झालेले, आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. माणूस हसत होता. आल्याचं सार्थक झालं, असं त्यांना वाटलं.

मग हरिओमनं सगळ्यांना फोटोसाठी बोलावलं. पाणी मागं दिसावं म्हणून रांग कड्याकडे पाठ करून उभी केली. कड्यापासून बरंच अंतर ठेवलं होतं, त्या पोराला दोष देता येणार नाही. नर्मदाबाई म्हणाल्या, मी न्हाई येत तिकडं, आणि दगडापाशीच बसून राहिल्या. बन्सीधरराव रांगेच्या अगदी टोकाला उभे राहिले, जिथं कडा आत वळून जवळ आला होता. माणसांचं बोलणं चालू, कोणी केस नीट करतंय, कोणी इकडं बघतंय कोणी तिकडं. हरिओमनं सगळ्यांचं लक्ष वेधायला शिट्टी वाजवली.

बन्सीधरराव दोन पावलं मागं सरले.

शांतपणे, सवयीनं, समोर हसतमुखानं बघत. रांगेतल्या कोणालाही कळलं नाही, सगळे फोनकडं बघत होते. भक्ती दुसऱ्या टोकाला होती. फक्त नर्मदाबाईंना दिसलं. नवऱ्याच्या टाचेमागं वाळल्या गवताचा एक झुबका होता आणि त्याच्यामागं येलदरीचं पाणी थेट चमकत होतं. मधे जमीन नव्हती.

आणि हरिओमनं शिट्टी पुन्हा ओठांना लावली.

"आवो!" त्या ओरडल्या. "आवो, आवो!"

रांगेतल्या चार गृहस्थांनी माना वळवल्या. प्रत्येकाला वाटलं आपलीच बायको. जिनं हाक मारली तिच्या नवऱ्याची मान तेवढी हलली नाही. वारा कानावर, कान मंद, आणि "आवो" ही हाक जगातल्या सगळ्याच नवऱ्यांची.

शिट्टी वाजली. बन्सीधररावांचं पाऊल उचललं गेलं, मागं जायला.

"बन्सीऽऽ!"

हा आवाज कोणाचा, हे नर्मदाबाईंनाही क्षणभर कळलं नाही. तो त्यांच्या छातीतून निघाला, शेवटाला वर चढला आणि माथ्यावरून पार निघून गेला. उचललेलं पाऊल तसंच अधांतरी थांबलं. मग हळूच पुढं टेकलं. बन्सीधरराव दोन पावलं पुढं आले, चार आले, आणि रांग ओलांडून येड्यासारखे इकडं तिकडं बघायला लागले. बायकोकडं नाही. वर आभाळाकडं, पायऱ्यांकडं, वाघोबाच्या दगडामागं.

"माय?" ते म्हणाले. "माय कुठंय?"

हरिओमच्या तोंडातली शिट्टी दोरीला लोंबकळत राहिली होती आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कोणीतरी मागं जाऊन तो गवताचा झुबका पाहिला आणि तिथंच बसलं. भक्तीनं बापाच्या कमरेला मिठी मारली. नर्मदाबाई मात्र स्वतःच्या तोंडावर चापट्या मारत होत्या, एकामागून एक.

"मी खाल्लं तुमाला," त्या रडत होत्या. "माझ्या तोंडानं खाल्लं. सुलाबाईवानी केलं मी."

बन्सीधरराव त्यांच्यापुढं येऊन उकिडवे बसले. "तू व्हतीस?"

बाईंनी मान हलवली.

"मला वाटलं, माय हाका मारायली. तसाच हेल." त्यांचे डोळे भरून आले होते. "माय गेल्यापसून मला कोनी बन्सी म्हनलं न्हाई गं. कोनी मामा म्हनतंय, कोनी काका. बन्सी म्हननारं कोनी ऱ्हायलंच न्हाई."

दुसरा हेल नर्मदाबाईंना येणार तरी कुठून? जन्मात त्यांनी ते नाव मोकळ्यावर एकाच तोंडून ऐकलं होतं, सासूबाईंच्या.

धपाटे तसेच राहिले, कोणालाही घास गेला नाही. सगळे उतरायला निघाले. कातळातल्या पायऱ्या बन्सीधररावांनी गज धरून उतरल्या, आणि धार आली तिथं ते थांबले. येताना हात मागं बांधून चालत गेलेला माणूस, आता धारेवर पाऊल टाकेना. टाचेमागं काय होतं ते मघाशी त्यांनी मागं वळून पाहिलं होतं, आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. हरिओमनं हात पुढं केला, तो झिडकारला. भक्तीनं समजावलं, ऐकेनात. शेवटी भक्तीसकट बाकीची मंडळी पलीकडं जाऊन वाट बघत उभी राहिली. ऊन कलायला लागलं होतं.

"तू मागून हाका मार," ते बायकोला म्हणाले. "मघासारखी. कानावर आली की पाय निघंल माझा."

"आवो म्हनते की मी. दर पावलाला म्हनते."

"आवो कोनालाबी म्हनतेत."

नर्मदाबाईंनी धारेकडं पाहिलं. सुलाबाईंनी नाव एकदाच घेतलं होतं. एकदा! आणि पावसाळा सरायच्या आत माणूस गेला. इथं पलीकडं पोचेपर्यंत किती वेळा घ्यावं लागेल, कोणी सांगावं? नवरा पुढं नेण्यासाठी नवऱ्याचंच आयुष्य पावलापावलाला खर्चायचं, हा कुठला न्याय? त्यांना देवाचा संताप आला, डोंगराचा आला, लेकीचा आला.

"बन्सी," त्या पुटपुटल्या.

"ऐकू न्हाई आलं."

"बन्सीऽऽ!"

पाय निघाला. एक पाऊल पडलं. समोरच्या कड्यानं तीच हाक परत पाठवली, "सीऽऽ". आता डोंगरही नाव घ्यायला लागला, याचाही भार आपल्याच माथी! पण थांबायला वेळ नव्हता. थांबल्या की तो माणूस थांबायचा, आणि थांबला की डावीकडं बघायचा.

"बन्सीऽऽ, फुडं बग." पाऊल. "बन्सीऽऽ, मी मागं हाय." पाऊल. रडत म्हणाल्या, रागानं म्हणाल्या, शेवटी लेकराला चालायला शिकवताना म्हणावं तसं म्हणाल्या. दर हाकेला पुढून बारीक आवाज यायचा, "हाव." पलीकडं पोचल्यावर भक्तीनं दोघांना धरून खाली बसवलं आणि विचारलं, "आई, तू उभी चालत आलीस?" नर्मदाबाईंनी मागं वळून धारेकडं पाहिलं, आणि तेव्हा कुठं लेकीचा दंड गच्च धरला.

पूर्णेला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. बन्सीधरराव आल्या आल्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत टेकले. भक्तीनं चहाचं आधण ठेवलं. नर्मदाबाई हातपाय धुऊन देवापुढं बसल्या. काडी पेटेना. तिसरी पेटली. निरांजन लागलं तसा त्यांनी पदर पसरला आणि हळू आवाजात देवाशी बोलायला सुरुवात केली.

"देवा, आज मी बन्सीचं नाव किती बार घेतलं, मला मोजता आलं न्हाई. तू मोजलं असशील. जितकं त्याचं कमी झालं आसंल तितकं माझ्यातून काढून घे. सगळं घे. पन त्याला हात लावू नको."

बाहेरच्या खोलीतली खुर्ची करकरली.

"खामखा सगळं कामून देतीस?" बन्सीधरराव म्हणाले. "अर्धं-अर्धं कर म्हन त्याला."

नर्मदाबाईंच्या हातातला पदर सुटला. शेजारी ढोल वाजला तरी मान न वळवणारा हा माणूस, आणि देवघरातलं पुटपुटणं त्याला बाहेर ऐकू गेलं?

"तुमाला कसं ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"नाव घेतलंस की," ते म्हणाले.